मामी घेत नाहीत

"काय गो, रात्री साडेदहाक वाटप कसला वाटत होतंस? मिक्सर माझ्या उशाखाली असल्यासारखो वाजत होतो."

सकाळचे सात. मी दोरीवर टॉवेल टाकत होते. गडग्यापलीकडून प्रश्न आला आणि मी चहावर पाणी सोडलं. रात्रीच्या मिक्सरचा हिशेब मामींना दिल्याशिवाय आता स्वयंपाकघरात जाता येणार नव्हतं.

आमच्या दोन घरांच्या मधे चिऱ्याचा गडगा आहे, मामींच्या सासऱ्यांनी घातलेला. एका जागी वरचे दोन चिरे निसटलेत. बारा वर्षांत ते ना त्यांनी बसवले ना आम्ही, कारण त्या खिंडीतून एक वाटी बरोब्बर आरपार जाते. मी कोल्हापूरची. म्हापशात आले त्या पहिल्या आठवड्यात या खिंडीतून सोलकढी आली होती. मी ती आमटीसारखी उकळायला ठेवली आणि फाडली. तेव्हापासून मामींनी मला शिकवायला घेतलंय, ते अजून चालूच आहे. त्यांचं माहेर पेडण्याकडचं, तेरेखोल ओलांडली की महाराष्ट्र. त्यांच्या बोलीला मालवणी म्हणावं की कोंकणी, हा विषय मी त्यांच्यासमोर काढत नाही.

"वाटप नव्हतं मामी. कॉकटेल होतं."

"मिक्सरात?"

"पुतण्या आलाय ना पुण्याहून, बायकोला घेऊन. त्यानं केलं. ट्रॉपिकल."

मामींनी हातातला खराटा गडग्याला टेकवला. खराटा टेकला की पाऊण तास धरायचा. "मी घेणंय नाय, तुका म्हायत आसा," त्या म्हणाल्या. "पण घातलेलास काय काय, ता सांग."

मामी घेत नाहीत हे आमच्या वाड्यावर सगळ्यांना माहीत आहे, कारण त्या स्वतःच सांगतात. बारशाला सांगतात, बाराव्यालाही सांगतात. त्यांच्या घरात फेणीची बाटली आहे, पण ती देवघराखालच्या कपाटात, कापराच्या डबीशेजारी. औषधाची. सर्दीला, पोटाला, गुडघ्याला, सुनेच्या दाढेला बोळा म्हणून. बाटली वर्षाला निदान दोनदा बदलते. त्या घरात इतकं आजारी कोण असतं, हे मी कधी विचारलेलं नाही.

तर कालची गोष्ट. पुतण्यानं पुण्यात दोन दिवसांचा वर्ग केलाय, असली पेयं बनवण्याचा. येताना स्टीलचा शेकर आणला, लाकडी बत्ता आणला (त्याला मडलर म्हणायचं म्हणे) आणि एक निळ्याशार सिरपची बाटली. "गोव्यात येऊन ट्रॉपिकल नाही करायचं तर कुठं, काकू?" शुक्रवारच्या बाजारातून अननस आणला, घमघमणारा. बेत पिना कोलाडाचा. अननस सोलता सोलता त्यानं आम्हाला त्याचं पुराण ऐकवलं. पोर्टो रिको नावाचं बेट, तिथल्या सान हुआन शहरातलं कॅरीब हिल्टन हॉटेल. त्यांच्या बारमननं 1954 मध्ये हे पेय पहिल्यांदा केलं असं हॉटेलवाले सांगतात. दुसरेही दावेदार आहेत. चांगल्या पदार्थाला बाप पुष्कळ. 1978 मध्ये बेटाच्या सरकारनं ते अधिकृत पेय म्हणून जाहीरच करून टाकलं. नावाचा अर्थ नुसता 'गाळलेला अननस'. रम, अननसाचा रस आणि नारळाचं घट्ट गोड दूध. संपलं.

नारळाचं घट्ट गोड दूध. आता रात्री साडेदहाला नारळ कोण खवणार? आळस माझा, कबूल करते. फ्रीजमध्ये फ्रूट सॅलडसाठी आणलेलं क्रीम होतं, ते घातलं. वर पाव लिटर दूध.

पहिला ग्लास अमृत. जग टेबलावर, गप्पा रंगल्या. पाऊण तासानं दुसरा ओतला, तर कडू. साधा कडू नाही, कारल्याचा मामेभाऊ. वर दही मोडल्यासारखे कण. आमच्या ह्यांना वाटलं रम बनावट. पुतण्याला वाटलं अननसाचे डोळे राहिले. त्याची बायको काही बोलली नाही, तिनं ग्लास कुंडीत ओतला. तुळशीच्या नव्हे, क्रोटनच्या.

मामी एवढं सगळं ऐकेपर्यंत थांबल्या, हेच नवल. "कच्च्या अननसात दूध? शिकललीस ना गो तू? सत्यनारायणाक मी अननसाचो शिरो करतंय, तेवा अननस पयलो साखरेत शिजवन घेतंय. कच्चो घातल्यार दूध बिघडता, ह्या माझ्या आजयेक म्हायत होता."

आजीला जे ठाऊक होतं तेच पुतण्यानं रात्री साडेबाराला मोबाइलमधून शोधून काढलं होतं. कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचं पाचक द्रव्य असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं, आणि तुटलेले तुकडे कडू लागतात. मांस मऊ करायला अननस लावतात तो याच गुणामुळे. कच्ची पपई त्यातलीच. अननस शिजवला की ते द्रव्य मरतं. डब्यातला अननस तापवूनच बंद केलेला असतो, म्हणून तो क्रीमशी गुण्यागोविंदानं नांदतो.

"मगे त्या पोर्टो रिकोवाल्यांचा कसा बिघडत नाय?"

"त्यांचं नारळाचं दूध असतं ना मामी. त्यात प्रथिनं नावालाच."

मामी क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, "म्हणजे सासवच ता. मोहरी काढलेला."

मी टॉवेल खाली ठेवला. बारा वर्षं मी या बाईच्या हातचं अननसाचं सासव खातेय: अननसाच्या फोडी, ओला नारळ, गूळ, सुकी मिरची आणि नाकात जाणारी मोहरी. एक दिवसही माझ्या डोक्यात आलं नाही की यातली मोहरी काढून रम घातली की कॅरिबियन होतं.

"पण तुझा बरा गो," मामी म्हणाल्या. "नानांचा आयकलंस?"

नाना म्हणजे पलीकडच्या गल्लीतले, बँकेतून निवृत्त झालेले. लेक परदेशात. तिनं व्हिडिओवर कृती सांगितली: कोकम सिरप, पुदिना, थोडी हुर्राक (काजूची हलकी दारू), बर्फ, आणि वरून सोडा. नाना शिस्तीचे. लिहून घेतलं. सगळं मोजून ग्लासात घातलं आणि वरून चमचाभर सोडा घातला. खाण्याचा.

"फस्स करून जो वर इलो," मामींनी दोन्ही हात गडग्यावरून उंच नेले, "तो टेबलार, थयसून भरतकाम केलल्या रुमालार, थयसून नानांच्या लेंग्यार. आणि रंग! तांबडो होतो तो शाईसारखो झालो."

कोकमाचा तांबडा रंग आंबटावर जगतो. सोड्यानं आंबटपणा मारला की लाली जाते आणि निळसर काळपट पाणी उरतं. ज्यांच्या घरी आमसुलाची कढी सांडलेलं फडकं साबणाच्या पाण्यात बुडवलंय त्यांनी हा खेळ पाहिलेला असतो. पण नानांच्या घरात फडकं धुणारे नाना नव्हेत.

"मग टाकलं ना?"

"टाकतले कित्याक? अर्धो ग्लास पियाले. म्हणतत, फुकट कशाक घालव. वर सांगत फिरतत, आंबट ढेकर बंद झाले."

मी हसून गडग्याला टेकले. सात पंचवीस झाले होते. आतून ह्यांचा "चहा?" असा आवाज आला. आम्ही दोघींनी तो ऐकला नाही.

"आणि कोपऱ्यावरचो तो दिल्लीवालो," मामी सुरूच. तिथं एक मुलगा भाड्यानं राहतो, लॅपटॉपवर काम करतो आणि संध्याकाळी गच्चीवर मित्रांना पेयं करून घालतो. पोर हौशी आहे, बाजारात जाऊन फळांची नावं विचारतं, मला आवडतो. त्यानं काप्या फणसाचे गरे बरणीत फेणीत बुडवून ठेवले होते, पंधरा दिवस. कल्पना वाईट नाही: कापा मुरतो पण विरघळत नाही, आणि उरलेल्या फेणीला फणसाचा वास लागतो. बरका घेतला असता तर लगदा झाला असता. पण नेमकी त्याची आई आली दिल्लीहून. अत्यंत सोवळी बाई. तिला वाटलं मुरांबा. तिनं पाच गरे वाटीत काढले, देवापुढं ठेवले, आणि मग प्रसाद म्हणून स्वतः खाल्ले.

"दुपारी अकराक निजली ती तिनीसांजेक उठली," मामी म्हणाल्या. "म्हणता, गोव्याची हवा काय शांत."

मामींना हे सगळं कुठून कळतं, हे मला कळत नाही. त्या वाड्याबाहेर फक्त शुक्रवारी जातात.

मग मामींनी अचानक विचारलं, "हुर्राक हाडलास की नाय?" आणि लगेच, "मी घेणंय नाय."

आणली होती. एप्रिलात गोव्याला येऊन कुणी हुर्राक न आणता राहील का? पुतण्यानं ती ओळखीच्या भाटीवरून आणली होती, पाण्याच्या जुन्या बाटलीत, जशी आणायची असते तशीच. पण त्याला तिचं करायचं काय हे समजत नव्हतं. वर्गात हुर्राक शिकवलेली नव्हती. मी बाटली खिंडीतून पलीकडे दिली. मामींनी बूच उघडलं, दोन थेंब तळव्यावर घेतले, दोन्ही तळवे घासले, नाकाशी नेले आणि डोळे मिटले. एक मात्र पाहिलं: मघापासून हलणारं त्यांचं तोंड बंद झालं होतं.

"बापाशीची भाटी आठवली," त्या म्हणाल्या.

त्यानंतर जे मामी बोलल्या ते गॉसिप नव्हतं, त्यामुळे मी ते माझ्या भाषेत सांगते. काजूचा बोंडू झाडावरून तोडायचा नाही, पिकून खाली पडलेलाच उचलायचा. पहाटे पोरं टोपल्या घेऊन डोंगरावर जायची. बी पिरगाळून वेगळी, बोंड वेगळं. मग कोळंबीत, म्हणजे खडकात कोरलेल्या उथळ हौदात, बोंडं पायानं तुडवायची. तुडवून उरलेला चोथा गोळा करून वेलीनं आवळायचा, वर धोंडा ठेवायचा. रात्रभर त्यातून जो नितळ रस ठिपकतो तो नीरो. तो पोरांचा आणि बायकांचा. त्यात नशा नाही, फक्त घसा किंचित खवखवतो, बोंडात तुरटपणा असतो ना. (बोंडाचा रस सरबताला घ्यायचा तर त्यात भाताची पेज घालून थोडा वेळ ठेवायचा, तुरटपणा पेजेला धरून तळाशी बसतो, वरचा नितळ रस ओतून घ्यायचा. ही माहिती मामींची, आणि संशोधन केंद्रवालेही हेच सांगतात.) तुडवलेला रस मडक्यांत दोन-तीन दिवस आपसूक फसफसतो, बाहेरचं काही घालायचं नाही. मग भाटीवर चढतो. पहिल्या खेपेला निघते ती हुर्राक, शंभरात पंधरा भाग मद्याची, फळाचा वास अजून जागा असलेली. तीच नव्या रसाबरोबर पुन्हा गाळली की फेणी, चाळीसच्या वर. हुर्राक टिकत नाही. फेब्रुवारी सरता सरता येते आणि पावसाच्या तोंडाला जाते. पावसाळ्यात हुर्राक मागणारा माणूस पर्यटक समजावा.

"2009 मध्ये काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, मामी. 2016 मध्ये सरकारनं वारशात धरलं."

"सरकाराक आता कळला," मामी म्हणाल्या आणि बूच घट्ट लावलं. बाटली परत द्यायला मात्र थोडा वेळ लावला.

मला गंमत वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. ट्रॉपिकल म्हणजे कुठलं तरी दूरचं बेट, ताडाची छत्री, निळं पाणी, असं पुतण्याच्या डोक्यात बसलंय. आणि ज्या डोंगरावरून त्यानं हुर्राक आणली तो डोंगर काजूनं भरलेला. काजू मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आणला. अननसही त्याच बाजूचा, त्याच जहाजांतून आलेला. तिकडं ब्राझीलमध्ये लोक उसाची दारू, लिंबू आणि साखर ग्लासातच कुटून कायपिरिन्या पितात. कुटायला तोच लाकडी बत्ता. इकडं आपण लिंबू आणि मिरची चेचतो. पोरगा विमानातून लांबचं बघतो, आणि ते दारात पडलेलं असतं, बी पिरगाळून.

संध्याकाळी साडेसहाला फेरप्रयोग ठरला. मामी आमच्याकडे येणार नव्हत्या, घेत नाहीत ना. त्या गडग्यापलीकडे खुर्ची टाकून बसल्या आणि सूचना देत राहिल्या. टेबल आम्ही गडग्याला लावलं.

पहिली सूचना पुतण्याला. "रे, स्कूटरची चावी पयली हय दी." त्यानं हसण्यावारी नेलं. मामींनी वाटी पुढे धरली. चावी वाटीत पडेपर्यंत वाटी हलली नाही. मग ती आत देवघरात गेली.

दुसरी सूचना निळ्या बाटलीबद्दल. "ह्या काय हाडलंस? कपड्यांची नीळ?" पुतण्यानं ती मुकाट्यानं बॅगेत टाकली. माझ्या मते त्या संध्याकाळचं निम्मं यश तिथंच मिळालं. फळं घरात असताना रंगाची बाटली उघडणारा माणूस मला कळत नाही.

हुर्राकीचं काही करायचं नसतं, हे त्याला पटवायला वेळ लागला. उंच ग्लास. एक हिरवी मिरची उभी चिरून, देठ राहू द्यायचा, म्हणजे बिया सुटत नाहीत. लिंबाची फोड पिळून सालीसकट आत. मीठ चिमूटभर. बर्फ भरपूर. हुर्राक ग्लासाच्या तिसऱ्या हिश्शाला, वर लिम्का. एकदा चमच्यानं खालून वर. पुतण्यानं शेकर उचलला तेव्हा मी ओरडले. फसफसणारं काहीही झाकण लावून हलवायचं नाही. माझ्या स्वयंपाकघराच्या छतावर त्याचा एक जुना डाग आहे आणि त्याबद्दल मी बोलत नसते.

मामींनी खिंडीतून हात घालून करंगळी बुडवली. "मीठ बघतंय." चाखली. "कमी." मीठ घातलं. पुन्हा करंगळी. "आता बरा." आणि मग, खात्रीसाठी, तिसऱ्यांदा.

दुसरं कोकमाचं. इथं पुतण्याचा वर्ग उपयोगी पडला, हेही सांगायला हवं. त्यानं प्रमाण सांगितलं: दोन भाग दारू, एक भाग आंबट, एक भाग गोड, बर्फात जोरात हलवून गाळायचं, बहुतेक आंबट कॉकटेलं या तीन आकड्यांवर उभी असतात. बार्बाडोसकडे रम पंचाचं गणित निराळं: एक आंबट, दोन गोड, तीन रम, चार पाणी किंवा रस, वर जायफळ. पंच हा शब्दच आपल्या 'पाच'वरून गेला म्हणतात: दारू, साखर, लिंबू, पाणी, मसाला.

"पंचामृत," मामी म्हणाल्या. "दूध काढून."

या बाईची सगळी गणितं वजाबाकीची.

पण कोकमाला ते दोन-एक-एक सरळ लागू होईना. बाजारच्या सिरपमध्ये आंबट आणि गोड आधीच मिसळलेलं असतं, साखरच फार. मामींनी आगळ दिलं, रातांब्याचा मिठातला रस, गेल्या वर्षीचा, काळपट जांभळा. त्यात मीठ आहेच. म्हणून आगळ एक भागापेक्षा जरा कमी, गुळाचा पाक एक भाग, काजूची फेणी दोन भाग. गुळाचा पाक म्हणजे गूळ आणि पाणी समान घेऊन फक्त विरघळवलेलं, आटवलेलं नव्हे. शेकरात बर्फ, मोजून पंधरा सेकंद, बाहेरून शेकरावर दव धरेपर्यंत. गाळून लहान ग्लासात. वर चिमटीत चुरडलेलं भाजलं जिरं. फेणीला एक उग्र वास असतो, नवख्याला तो सहन होत नाही. पण आगळ तिच्या तोडीस तोड उग्र आहे. दोन भांडखोर जावा एकमेकींसमोर आल्या की घर जसं शांत होतं, तसं काहीसं त्या ग्लासात झालं. पुतण्याची बायको, जी काल रात्रीपासून चार वाक्यं बोलली नव्हती, तिनं विचारलं, "हे आगळ विकत मिळतं का?"

"मिळता. पण ह्या मिळणा नाय," मामी म्हणाल्या.

पुतण्याला आता उत्साह चढला. "काकू, आंब्याचं करू ना. घरात मानकुराद आहेत."

गडग्यापलीकडची खुर्ची वाजली. मामी उभ्या राहिल्या होत्या. "मानकुराद दारयेत? पाप लागतला रे!"

मी मामींच्या बाजूची. मानकुराद हे नाव पोर्तुगीजांच्या 'मालकोरादो'वरून आलं असं सांगतात, म्हणजे वाईट रंगाचा. रंगाला नावं ठेवली आणि चवीपुढं आयुष्यभर हात जोडले. हंगामाच्या सुरुवातीला त्याचा डझन हजारांत जातो. तो कापून, पिळून, दारूत घालून वर बर्फ ओतायचा? शिवाय आंब्याचा रस जाड आणि गोड, तो सगळं झाकून टाकतो. आत किती आहे ते जिभेला कळत नाही, उठताना पायाला कळतं. आंबाच घालायचा तर कच्चा घालावा. उकडलेल्या कैरीचं पन्हं, वेलदोडा न घातलेलं, त्यात पांढरी रम आणि बर्फ. बस. पिकलेल्याचं आमरस म्हणून काय ते करावं. फ्रोझन मँगो डायकिरी ज्याला म्हणतात ते मला दरवेळी उपासाच्या दिवशी वाट चुकलेल्या मिल्कशेकसारखं वाटतं. याच रांगेत केळ्याची डायकिरी. ती तर सरळसरळ शिकरण आहे.

कलिंगड मात्र चालतं. म्हापशाला लागूनच पर्रा आहे, तिथल्या कलिंगडांचं नाव पूर्वापार. फोडी बिया काढून फ्रीझरमध्ये गोठवायच्या आणि बर्फाऐवजी त्याच घालायच्या, म्हणजे पेय पातळ होत नाही. घरच्या फ्रीजमधल्या बर्फाची ही जुनी खोड: खडे लहान, पाच मिनिटांत पाणी. हीच युक्ती आम्ही अननसाला वापरली.

हो, अननस. कालच्या अपमानाचा सूड घ्यायचा होताच. दुपारीच मी उरलेला अननस निम्मा बारीक चिरून दोन चमचे गुळात चांगला शिजवला होता, निम्मा फोडी करून फ्रीझरमध्ये. आता नारळाचं दूध होतं, त्यामुळे शिजवण्याची गरज नव्हती म्हणा, पण शिजवलेल्या अननसाला जो कारमेलसारखा वास येतो तो कच्च्याला नाही. मामींनी नारळ खवून पहिल्या पिळाचं दूध पाठवलं होतं, पाण्याचा थेंब न घातलेलं. रम नको, असं त्यांचं मत पडलं. "नारळाक नारळ." म्हणजे माडाची फेणी, जी दक्षिण गोव्यात करतात, सुरेपासून, म्हणजे माडीपासून. ती त्यांच्याकडे होती. औषधाच्या कपाटात.

गोठलेल्या फोडी, शिजवलेला अननस, नारळाचं दूध, माडाची फेणी, मिठाचा कण. मिक्सरमध्ये दोनदा फिरवलं, फार नाही, नारळाचं दूध फार घुसळलं तर तेल सुटतं. ग्लासात ओतल्यावर वर जायफळ किसणार, तोच खिंडीतून मुठीत काहीतरी आलं. भाजून भरडलेली मोहरी. चिमूटभर.

"मामी, मोहरी काढायची होती ना?"

"त्यांची काढ. आमची घाल."

घातली. मी तुम्हाला शपथेवर सांगते, तो ग्लास संपला तेव्हा कुणी बोलत नव्हतं. पुतण्याचं फोटो काढणंही राहिलं. मामींनी करंगळी बुडवली, मग अनामिका, मग म्हणाल्या की बोटानं मिठाचा नीट अंदाज येत नाही आणि वाटी पुढे केली.

नंतर पुतण्या म्हणाला, दोन बाटल्या फेणी पुण्याला नेतो. मामींनी वाटी ओठाशी धरूनच त्याला बांद्याच्या नाक्याची आठवण करून दिली. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आहे. गोव्यात विकायची बाटली परवान्याशिवाय पलीकडे नेली की गुन्हा, आणि इन्सुलीला गाड्या उघडून बघतात. "आगळ न्ही," त्या म्हणाल्या. "आगळाक कोण अडवणा नाय." त्यानं आगळाची बाटली नेली. ती त्याच्या बायकोनं मांडीवर धरून नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी दोरीवर कालचे टेबलक्लॉथ टाकत होते. खिंडीत वाटी होती, धुतलेली, आत स्कूटरची चावी. मागून मामी, हातात खराटा.

"काय गो, कालचा काय उरला असात तर टाकू नको हां."

"उरलंय थोडं. कोकमाचं."

"दी हय. गुडघ्याक चोळूक व्हया."

"मामी, त्यात गूळ आहे, आगळ आहे. जिरंसुद्धा आहे."

मामींनी खराटा गडग्याला टेकवला. "जिऱ्यान काय बिघडता?" त्या म्हणाल्या. "वात जाता."

मी आत जाऊन बाटली आणली.